टॉवरसमोरची खिडकी

एकतीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवलं. वर्गात पन्नास-साठ पोरं असायची, आणि त्यांना गप्प बसवायला मला कधी छडी लागली नाही. नुसती मान वळवली की पुरे. हे मिरवायला सांगत नाही. माझं ऐकायची लोकांना किती सवय होती ते कळावं म्हणून सांगते, कारण पुढचं सगळं त्या सवयीपायीच घडलं.

होटगी रोडला आमची कॉलनी आहे. तिथं लहानथोर सगळे मला बाईच म्हणतात. आमच्या समोर सिद्धूचं दोन मजली घर. हा सिद्धू माझाच विद्यार्थी. पाढ्यात कच्चा होता, पण चादरींच्या दुकानावर घर बांधलं त्यानं. दिवाळी झाल्यावर एका सकाळी त्याच्या गच्चीवर क्रेननं लोखंडी खांब चढवला, खांबावर पांढरे उभट डबे बसवले. ते डबे थेट आमच्या मधल्या खोलीच्या खिडकीकडं तोंड करून होते. फाइव्ह-जीचा टॉवर, असं संध्याकाळपर्यंत कळलं.

खरं सांगते, आधी मला भीती वाटली नाही. कॉलनीच्या ग्रुपवर काय काय यायचं. चिमण्या मेल्या, लिंबं वाळली, करोनासुद्धा त्यातूनच आला. मी म्हणायचे, शाळेत लक्ष दिलं असतं तर असलं पुढं ढकलायची पाळी आली नसती. पण मार्गशीर्षात शिवानी, माझी एकुलती एक लेक, बाळंतपणाला माहेरी आली. तिचं पहिलं पोट चौथ्या महिन्यात पडलं होतं. दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हापासून माझा जीव टांगणीला होता. मुलगा झाला, अडीच किलोचा. त्याला घरी आणून मधल्या खोलीत बाजेवर ठेवला, मान वर केली, तर खिडकीत तो टॉवर. तेव्हा मला भीती वाटली, आणि ती नंतर गेलीच नाही.

आमचे मालक, प्रभुलिंग, शांत माणूस. ते म्हणाले, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस, राजेश्वरी. सरकारनं तपासल्याशिवाय परवानगी दिली असेल का?"

"दिली असेल. पण विषाची परीक्षा माझ्या नातवावर नको," मी म्हटलं. त्यांनी पेपर उघडला.

बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला वळसंगची निंगव्वा यायची. सत्तरी ओलांडलेली, अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलणारी. आमच्या भावकीतली निम्मी पोरं तिच्या हाताखालून गेलीत. आंघोळ झाली की ती शेगडीत गोवऱ्या पेटवायची, निखारे झाले की वर ओवा-शेपा टाकून शेगडी बाजेखाली सरकवायची. मायलेकरं तासभर त्या उबेला पडायची. पण खिडकीचं एक दार ती कायम उघडं ठेवायची.

तिसऱ्या दिवशी ते दार मी लावून घेतलं.

"अक्का, ते नगं," निंगव्वा म्हणाली. "धूर जायाला वाट पायजे की."

"त्याच वाटेनं ते आत येतंय."

"काय येतंय?"

मी बोटानं टॉवर दाखवला. तिनं डोळे बारीक करून बघितलं. "दिसत तर काय न्हाय."

"दिसत नाही म्हणून तर भ्यायचं," मी म्हटलं.

मग मी कामाला लागले, आणि मी कामाला लागले की अर्धवट सोडत नाही. मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला. त्यात सांगितल्याप्रमाणे डब्यात भाकरी गुंडाळायचा चंदेरी कागद खिडकीला आतून लावला, कडा चिकटपट्टीनं बंद केल्या, त्यावर जाड सोलापुरी चादर ठोकली. दाराखालच्या फटीत टॉवेलची वळकटी घातली. शिवानीचा मोबाइल काढून घेतला आणि स्वयंपाकघरात स्टीलच्या डब्यात बंद करून ठेवला.

"अव्वा, श्रीशैलचा फोन आला तर?" ती म्हणाली. श्रीशैल म्हणजे जावई, पुण्याला असतो.

"संध्याकाळी अंगणात जाऊन बोल. लेकरापाशी फोन नको."

ती हसली. तिला माझ्या हुकमांची सवय आहे.

एकच अडचण झाली. खिडकी बंद झाल्यावर गोवऱ्यांचा धूर कोंडला. डोळे चुरचुरायला लागले, बाळ शिंकायला लागलं. त्यावर मी तोडगा काढला, आणि त्या वेळी मला त्याचा अभिमान वाटला होता. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून लाकडी कोळशाची पिशवी आणली. कोळशाला धूर नाही. खोलीत नुसती ऊब आणि ओव्याचा वास. निंगव्वानं मान हलवली, कानडीत काहीतरी पुटपुटली, पण शिकलेल्या बाईपुढं गप्प बसली.

दुसऱ्याच दिवशी शिवानीचं डोकं दुखलं. त्याच्या पुढच्या दिवशी उलटी झाली. "डोक्यावर कुणी पाटा ठेवलाय असं वाटतंय, अव्वा," ती म्हणायची. दुपारी हॉलमध्ये येऊन बसली की बरं वाटायचं, सकाळी पुन्हा तेच. बाळ रडायचं थांबलं. नुसतं झोपायचं, अंगावर ओढायलाही कंटाळायचं. बघायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, "किती गुणी पोर! आणि बाळंतिणीचे गाल बघा, शेक मानवला हिला." शिवानीचे गाल खरंच लालबुंद झाले होते. मी मात्र मनातून हादरले होते. लहरी आत येत होत्या. कागद पुरत नव्हता.

मी कागदाचा दुसरा थर लावला. डोकं जास्त दुखलं. मी तिसरा लावला.

शाळेची सवय म्हणून मी वही ठेवली. तारीख, वेळ, त्रास. पाच तारीख, दहा पस्तीस, डोकेदुखी. सहा तारीख, दहा चाळीस, उलटी. सात तारीख, दहा तीस, चक्कर, बाळ निपचित. रोज साडेदहा ते साडेअकरा. त्याचं कारणही मी शोधून काढलं. त्या वेळी सगळी ऑफिसं उघडतात, जो तो फोन लावतो, म्हणून लहरी वाढतात. हे मी कॉलनीतल्या बायकांना समजावून सांगितलं तेव्हा कुणी श्वास घेत नव्हतं. भीती सांगण्यातही एक सुख असतं, ते मी त्या दिवसांत पुरेपूर घेतलं.

नऊ घरांनी माझं बघून खिडक्या बंद केल्या. शेवटच्या रांगेत बजाबाई राहते, मूळची टेंभुर्णीची. तिची सून रुद्राणी शिवानीच्या मागोमाग आठ दिवसांनी बाळंत झाली होती. आमच्याकडचं आवरून निंगव्वा त्यांच्याकडं जायची. बजाबाई तर माझे पायच धरायला आली. "बाई, तुमी सांगाल तसं करते. माझं एकच नातवंड हाय." मी स्वतः जाऊन तिची खिडकी बंद करून दिली. रुद्राणीचा मोबाइल डब्यात ठेवायला लावला. कोळशाची अर्धी पिशवीही दिली.

सिद्धूकडं लोकांनी जाणं बंद केलं. त्याच्या बायकोला, श्रीदेवीला, कुणी हळदीकुंकवाला बोलावेना. एकदा तो फाटकाशी येऊन म्हणाला, "बाई, मी काय तुमच्या वाईटावर आहे का?" मी आत निघून गेले.

रविवारी सकाळी देवळाच्या मांडवात सभा ठेवली होती. टॉवरच्या कंपनीनं एक तरुण इंजिनियर पाठवला होता. हातात कसलंसं मोजायचं यंत्र, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. शेजारच्या वस्त्यांतूनही लोक आले होते. खुर्च्या लावायला मालकही आले. निंगव्वा शेगडी लावून बजाबाईकडं जाणार होती. घरात शिवानी आणि बाळ दोघंच होती.

मी वही घेऊन उभी राहिले. तारखा वाचत गेले, वेळा वाचत गेले.  दोन-तीन बायकांनी पदर डोळ्यांना लावला. शेवटी मी म्हटलं, "या आकड्यांना उत्तर द्या, साहेब."

तो उठला. हळूच म्हणाला, "मॅडम, तुमच्या मुलीला त्रास होतोय हे मी नाकारत नाही. तिला डॉक्टरांना दाखवा. पण हा टॉवर अजून चालूच झालेला नाही. विजेचं कनेक्शन यायचंय."

एकच गदारोळ झाला. "खोटं बोलतंय बेणं!" कुणीतरी ओरडलं. मागून सिद्धू उठला. "बाई, खरंय त्यांचं. टॉवरचा मीटरच बसला नाही अजून."

मी मान वळवून त्याच्याकडं बघितलं. चाळिशीचा बाप्या, पण चौथीतल्यासारखा खाली बसला.

"पुरावा पाहिजे ना?" मी म्हटलं. "थांबा. घेऊन येते."

टाळ्या पडल्या. मी तरातरा घराकडं निघाले. शिवानीला उठवायचं, बाळाला पदराखाली घ्यायचं आणि दोघांना त्या इंजिनियरसमोर उभं करायचं, असा माझा बेत होता. मी लेकीला वाचवायला निघाले नव्हते. दाखवायला निघाले होते.

मधल्या खोलीचं दार रेटलं तर उघडेना. खालच्या वळकटीत अडकलंय असं वाटलं. खांदा लावून ढकललं. आत छान ऊब होती. धूर नव्हता, ओव्याचा वास होता. दाराआड शिवानी जमिनीवर पडली होती, एक हात दाराकडं केलेला. ओकारी झाली होती. बाजेवर बाळ पडलं होतं, ओठ कुंकवासारखे लाल, आणि दुपट्यात कसलीच हालचाल नाही.

आणि मी काय केलं ते सांगते. मी आधी खिडकीकडं बघितलं. कागद कुठं फाटलाय का ते बघितलं.

मग किंचाळले. सिद्धू माझ्या मागोमाग आला होता, मला समजावायला. त्यानं शिवानीला खांद्यावर उचललं, ओरडला, "बाई, बाळ घ्या, बाहेर चला!" गाडीत मी बाळाच्या पाठीवर थापट्या मारत होते, नाव अजून ठेवलं नव्हतं म्हणून नुसतं बाळा, बाळा म्हणत होते. त्याची मान माझ्या हातावरून घरंगळत होती. इतकी भीती मी जन्मात अनुभवली नव्हती, आणि त्या भीतीतसुद्धा माझं तोंड चाललं होतं, "टॉवरनं केलं, सिद्धू, तुझ्या टॉवरनं केलं." तो हॉर्नवर हात दाबून गाडी चालवत राहिला.

दवाखान्यात दोघांना ऑक्सिजन लावला. बाळाला आत नेलं. थोड्या वेळानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, शिवानीच्याच वयाच्या. मी वही पुढं केली. "यात सगळं लिहिलंय."

त्यांनी पानं उलटली. "रोज साडेदहा," त्या म्हणाल्या. "दहाच्या सुमाराला घरात काय असतं, आजी?"

"काही नाही. आंघोळ. मग शेक."

"कशाचा?"

"कोळशाचा."

"खिडकी उघडी असते?"

मी त्यांच्या हातातल्या वहीकडं बघितलं.  डॉक्टरीणबाईंनी वही मिटून माझ्या हातात दिली. "कोळशाच्या विषारी वायूनं हे झालंय," त्या म्हणाल्या. "त्याला वास नसतो, रंग नसतो. बंद खोलीत तो माणसाला झोपवतो."

बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवू नये. चूक की बरोबर, ते लिहा. हा प्रश्न मी दर वर्षी परीक्षेत घालत होते. एका गुणाचा.

"नातू?" मी विचारलं.

"श्वास घेतोय. आज-उद्या कळेल. मेंदूला किती लागलंय ते तो मोठा होत जाईल तसं कळेल."

मला आत सोडलं. शिवानीच्या तोंडावर मास्क होता. तिनं डोळे उघडले, मास्क थोडा बाजूला केला. "अव्वा," ती म्हणाली, "त्यांनी टॉवर बंद केला का?"

मी तिच्या कपाळावर हात ठेवला.  बाहेर आले आणि भिंतीला टेकून उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मला पोरीच्या नजरेला नजर देता आली नव्हती.

मालक आले.  त्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. कॉलनीच्या ग्रुपवर माझ्या नातवाचा फोटो होता, गाडीत बसताना कुणी काढलेला. खाली लिहिलं होतं, 'टॉवरनं बाळाला गाठलं. बाईंनी सांगितल्याप्रमाणे सर्वांनी खिडक्या घट्ट बंद ठेवा. लहान मुलांना खोलीबाहेर आणू नका.' त्याखाली जोडलेल्या हातांची रांग.

बाईंनी सांगितल्याप्रमाणे.

"रुद्राणी!" मी म्हटलं. "तिचा नंबर लावा." मालकांनी लावला. रिंग वाजत राहिली. फोन डब्यात होता, मीच ठेवायला लावला होता. बजाबाईकडं मोबाइल नाही, तिचा मुलगा फिरतीवर. मी ग्रुपवर लिहिलं, 'खिडक्या उघडा. कोळशानं झालंय, टॉवरनं नाही.' लगेच उत्तर आलं, 'बाईंना धक्का बसलाय, त्यांना त्रास देऊ नका.' दुसऱ्यानं लिहिलं, 'कंपनीचा दबाव दिसतो.'

घड्याळात साडेबारा वाजले होते. निंगव्वा बाराला तिथं शेगडी लावते.

"सिद्धू, गाडी काढ," मी म्हटलं. त्यानं का, कशाला विचारलं नाही.

बजाबाईचं दार बंद होतं. मी दोन्ही हातांनी बडवलं. तिनं दार उघडलं, मला बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाई! नातू कसा हाय वो?"

"रुद्राणी कुठंय?"

"शेकाला पडलीया. निंगव्वा मगाशीच लावून गेली, एस्टी गाटायची हुती तिला."

"खिडकी उघडा. आत्ताच्या आत्ता."

"येड्यावानी काय बोलताय?" बजाबाई खोलीच्या दारात आडवी झाली. "तुमच्या लेकराचं आयकलं आन् मी आनिक एक चादर मारली. आजचा दिस तरी उघडायची न्हाय. तुमीच सांगितलंय की!"

मी तिला बाजूला सारायला गेले. तिनं चौकट घट्ट धरली. पोलादासारखी बाई, हटेना. मी वर्गातला आवाज काढला, "बजाबाई, बाजूला व्हा!" त्या आवाजावर आख्खी शाळा थांबायची. बजाबाई थांबली नाही. नातवासाठी ती माझ्याशीही भांडायला तयार होती, आणि तिला इतकं भ्यायला मीच शिकवलं होतं. आतून काहीच आवाज येत नव्हता, ना आईचा, ना लेकराचा.

"टॉवरनं झालं नाही," मी म्हटलं. "टॉवर चालूच नव्हता. शेगडीनं झालं. खिडकी मी बंद केली, कोळसा मी आणला, फोन मी काढून घेतला. निंगव्वा सांगत होती, मी ऐकलं नाही. माझ्या नातवाला मी मारत होते, बजाबाई. रोज, तासभर. वहीत लिहून."

तिचे हात सुटले. सिद्धू आत घुसला, शेगडी ओढून अंगणात नेली. मी खिडकीवरच्या चादरी उपसल्या, कागद फाडला. चिकटपट्टी निघेना तेव्हा कोपरानं काच फोडली. गार वारा आत आला. रुद्राणी डोकं धरून उठायला बघत होती आणि पुन्हा पडत होती. बाळाला मी बाजेवरून उचललं, खिडकीशी धरलं, तळपायावर टिचक्या मारल्या. एक, दोन, तीन. चौथीला त्यानं तोंड वेडंवाकडं केलं आणि असा टाहो फोडला की रस्त्यावर ऐकू गेलं असेल.

 मी खाली बसले आणि ते रडणारं पोर छातीशी धरून रडायला लागले. माझ्या कोपरातून त्याच्या दुपट्यावर रक्त गळत होतं.

"सिद्धू, ह्यांना पण दवाखान्यात ने," मी म्हटलं. "दोघांना. लगेच."

बजाबाई पुढं आली. तिनं माझ्या हातांतून बाळ काढून घेतलं, ओढूनच घेतलं, पदरात गुंडाळलं आणि दोन पावलं मागं सरली.

"तुमी लांब व्हा, बाई," ती म्हणाली. "माझ्या लेकराला पुन्यांदा हात लावू नगा."

मी लांब झाले. महिनाभर आख्खी कॉलनी वर गच्चीकडं बघून घाबरत होती. बरोबर जागी घाबरलेली पहिली बाई मी त्या दिवशी बघितली, आणि ती माझ्याकडं बघत होती.